गाडीला दिलेला पहिला घास

माझ्या मोठ्या भावाचं आणि माझं कधी पटलं नाही, आणि आता पटावं असं मला वाटतही नाही. तो बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत नोकरीला आहे. जमिनीखाली माणसं काम करतात तिथपर्यंत वरची हवा पोचवायची, हे त्याचं खातं. मोठाले पंखे, त्यांच्या खोल्या, त्यांच्या जाळ्या, यांत त्याच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे जगातल्या सगळ्या हवेबद्दल बोलायचा हक्क आपलाच आहे असं त्याला वाटतं. सणाला घरी आला की ताटावर बसल्या बसल्या तो सांगणार, ही खिडकी चुकली, तो झरोका उगाच ठेवला. मी उटनूरला आयटीआयमध्ये फिटरकाम शिकवतो. हे त्याच्या लेखी काम नव्हेच. "अजून कानसच घासून राह्यला का तू?" हा त्याचा ठरलेला प्रश्न, आणि प्रश्न विचारून झाल्यावर तो उत्तरासाठी थांबत नाही.

आमचे बाबा जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करायचे. गुडीहत्नूरला हमरस्त्यापासून जरा आत त्यांचं पत्र्याचं शेड होतं. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आसपासच्या जिनिंगवाल्यांच्या मशिनी तिथे येऊन पडायच्या. दुरुस्त झालेली मशीन बाहेर निघायच्या आधी आई तिला हळदकुंकू लावायची आणि पहिला घास द्यायची. घास म्हणजे नव्या कापसाचं एक बोंड, आत सरकी तशीच, कुंकवाच्या पाण्यात बुडवलेलं, वर चार अक्षता. मशिनीला कापूस घ्यायचं तोंड असतंच, तिथे ते बोंड आई नीट आत सारून ठेवायची. बाबा पट्टा चढवायचे. कापूस एकीकडून निघाला आणि सरकी टपटप खाली पडली की बाबा म्हणायचे, "खाल्लं." मग मालकाला निरोप जायचा. आमच्या घरात घास खाल्ल्याशिवाय कोणती मशीन सुटली नाही, इतकं ते पक्कं होतं.

बाबा गेले आणि शेड आम्हा दोघांच्या नावावर झालं. किल्ली माझ्याकडे राहिली, कारण तिथे जाणारा मी एकटाच होतो. शनिवारी दुपारी उटनूरहून सुटलो की मी सरळ शेड गाठायचो. तिथे बाबांचा लेथ होता, वेल्डिंग होतं, त्यांची पान्यांची पेटी होती. मला माणसांत फारसं करमत नाही. माणसं बोलताना मला त्यांच्यातले ढिले नट-बोल्ट दिसायला लागतात आणि मग मी काहीतरी टोचून बोलतो. शेडमध्ये मी कोणाला दुखवत नव्हतो आणि कोणी मला शिकवत नव्हतं. माझी म्हणावी अशी जगात ती एकच जागा होती.

गाडीचं खूळ भावामुळेच शिरलं, हेही कबूल करतो. त्याने नवी मोठी डिझेल गाडी घेतली आणि आईला व मला आदिलाबादपर्यंत फिरवून आणलं. एका ट्रकला मागे टाकताना त्याने पाय दाबला, गाडी झपकन पुढे गेली, आणि तो आरशात माझ्याकडे बघून म्हणाला, "टर्बो आहे टर्बो. तुले नाई समजायचं." पोरांना इंजिन उघडून दाखवणाऱ्या माणसाला हे, आणि तेही ज्याने स्वतःच्या गाडीचं बॉनेट एकदासुद्धा उघडलं नाही अशा माणसाकडून! मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

टर्बो म्हणजे काही जादू नाही. इंजिनातून बाहेर जाणारा गरम धूर एका छोट्या चाकाला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. धुराचा फुकट जाणारा जोर वापरायचा, एवढीच त्यातली अक्कल. पैसेवाले हे सगळं परदेशी खोक्यांमधून मागवतात. मी भंगारातून आणलं. एका उलटलेल्या डिझेल टेम्पोचा टर्बो नांदेडच्या भंगारवाल्याकडे मिळाला. त्या माणसाने मला विचारलं, "सर, इसका क्या करेंगे, गुलदस्ता रखेंगे?" त्याच्या दुकानात मी पुन्हा पाय ठेवला नाही.

गाडी जुनीच, चौदाशे सीसीची पेट्रोल. तिची मागची सीट काढली, दारांच्या आतलं सगळं काढलं, मागच्या काचा काढून प्लास्टिकचे पत्रे लावले. जड ते सगळं बाहेर. धुराचा नवा रस्ता लोखंडी पाइप कापून मी स्वतः वेल्ड केला, तीनदा तडकला, तीनदा पुन्हा केला. कोंबलेल्या हवेचा दाब इंजिनाला सोसावा म्हणून तांब्याचा जाड पत्रा कापून इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट केलं. तो पत्रा लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात टाकायचा, म्हणजे मऊ पडतो. हे बाबांनी शिकवलेलं. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर दुसऱ्या मोठ्या गाडीचे. टर्बोला समोर जागा मिळेना, म्हणून डाव्या बाजूचा दिवा काढून टाकला आणि त्या भोकातून टर्बोकडे हवा नेणाऱ्या पाइपचं तोंड बाहेर काढलं. मनगट जाईल एवढं रुंद, वर वळलेलं, उघडं. गाडी एका डोळ्याची आणि आ वासलेली दिसायची. मला ती फार आवडायची.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा इतका निळा धूर निघाला की शेजारच्या वीटभट्टीवाल्याने येऊन विचारलं, काय जाळताय. भावाचा नेमका त्याच संध्याकाळी घरी आईला फोन आला, आईने त्याला सांगितलं, आणि त्याने तिच्याकरवी निरोप पाठवला: "त्याले सांग, टर्बोतून परत येनाऱ्या तेलाचा पाइप आडवा नको, उताराचा पाह्यजे." मी पाइप बघितला. आडवा होता. मी तो गुपचूप उताराला लावला, धूर बंद झाला, आणि भावाला कळवलं की धूर आपोआप थांबला.

मग त्या उन्हाळ्यात तो एका रविवारी आला आणि शेड भाड्याने द्यायची गोष्ट काढली. कोणा कापसाच्या व्यापाऱ्याला गोदाम हवं होतं.

"पडूनच तर राह्यलं ते," तो म्हणाला.

"पडून नाही. मी आहे तिथे."

"तू काऊन आहे तिथं? एक फुटकी गाडी घेऊन बसला. शनवार-रईवार माय एकटी, तुले कोनाशी बोलनं नाई, चालनं नाई. शेडनं तुले खाऊन टाकलं."

माझं डोकं फिरलं. आईसमोर मी म्हटलं, "दसऱ्याला माझी गाडी आणि तुझी गाडी. चारशे मीटर. मी मागे राहिलो तर किल्ली तुझ्या हातावर ठेवीन. पुढे गेलो तर या शेडचं नाव पुन्हा काढायचं नाही." तो म्हणाला, "बोलला तर बोलला." आमच्या घरात बोललेलं परत घेत नाहीत. हा एकच गुण आम्हा दोघांत सारखा आहे आणि त्याने दोघांचं वाटोळं केलं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी बाजारातून शेडवर आलो तर दार उघडं. आईकडची दुसरी किल्ली घेऊन भाऊ आत आला होता. तो माझ्या गाडीसमोर वाकून उभा होता आणि त्याची दोन बोटं टर्बोच्या तोंडात होती. हातात दोऱ्याचा तुकडा होता. मला बघून तो दचकला. मी पाना उचलला. मारला नसता, पण उचलला.

"हात काढ."

"अरे, पाहून राह्यलो होतो फक्त."

"तुला काय बघायचं असेल ते तुझ्या खाणीत बघ."

तो दोरा खिशात टाकून निघून गेला. मी पुढचा तासभर बॅटरी लावून त्या तोंडात बघत होतो की याने काही टाकलं तर नाही. काही नव्हतं. तरी माझ्या मनात ते पक्कं बसलं की हा माणूस डाव साधायला आला होता.

दसऱ्याला सकाळी सगळे शेडवर जमलो. लेथला झेंडूचा हार, पान्यांच्या पेटीला हार, गाडीला हार. आई नवी साडी नेसली होती. बाबांनंतर त्या शेडमध्ये पहिल्यांदाच एक मशीन पूजेला उभी होती आणि आईच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. भाऊ आला तो हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊनच.

"हे बसव त्याच्या तोंडावर," तो म्हणाला. "उघडं ठेवू नको. हवेसंगं काय आत जाईल त्याचा नेम नाई. आमच्याकडं एवढ्याशा खड्यानं पंखा बसते."

"तुमच्याकडे. माझ्याकडे नाही. जाळीने हवा अडते."

"कितीशी अडते? आईक जरा."

"हरायची भीती वाटते तर तसं सांग. हे कागदातलं नाटक नको."

"तू बाबाच्या जागी असं बोलून राह्यला, लाज वाटू दे."

मी त्याच्या हातावर फटका मारला. पुडकं खाली पडलं आणि घरंगळत लेथखाली गेलं. तो बोलत होता, मी त्याच्यावर चढून बोलत होतो, आणि त्या गलक्यात मागून तबक घेतलेली आई विचारत होती, "आरे, हिचं तोंड कुठी आहे?" तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी भावावरची नजर न काढता हात लांब करून बोटाने दाखवलं: तिथे.

मी दाखवलं. हे वाक्य मी आजवर कोणासमोर उच्चारलेलं नाही.

वेंचर म्हणजे आमच्याकडे प्लॉट पाडून ठेवलेली मोकळी जमीन. गुडीहत्नूरच्या पुढे तसं एक वेंचर आहे. घर एकही नाही, पण डांबरी सडक सरळ आणि लांब, दोन्ही बाजूंना नंबर टाकलेले दगड. मालक भावाच्या ओळखीचा होता, त्याने फाटक उघडून दिलं. माझी गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून नेली, रस्त्यावर चालवायच्या लायकीची ती नव्हतीच. आईसाठी खुर्ची नेली, ती शेवटाजवळ छत्री घेऊन बसली. वीटभट्टीवाल्याला रुमाल हलवायला उभं केलं. भाऊ त्याच्या गाडीत काचा वर करून, एसी लावून बसला.

रुमाल पडला. माझी चाकं क्षणभर जागीच फिरली आणि तेवढ्यात तो पुढे गेला. मग पकड आली. दुसऱ्या गिअरला दाबाचा काटा चढायला लागला, शिट्टीसारखा आवाज वाढत गेला, आणि माझी पाठ सीटला चिकटली. मी बनवलेल्या वस्तूने मला असं ढकललं! मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही, बहुतेक शिव्याच असाव्यात. अर्ध्याच्या आधी मी त्याच्या बरोबरीला आलो, मग त्याचा आरसा मागे गेला, मग त्याची अख्खी गाडी. समोर आईची छत्री दिसत होती. तिसरा गिअर टाकून मी पाय पूर्ण दाबला.

समोरून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. शिट्टी बंद पडली, काटा खाली पडला, गाडी ढेपाळली. मी नुसताच पाय दाबत राहिलो. आईच्या थोडं अलीकडे तो माझ्या बाजूने निघून गेला, आरामात, काचा वर करून.

मी उतरलो आणि त्याच्याकडे धावलो. "तूच केलंस! रविवारी तुझी बोटं आत होती. तूच काहीतरी घातलंस!" वीटभट्टीवाला पळत आला, वेंचरच्या मालकाने मला धरलं. आई खुर्चीतून उठून उभी राहिली होती. भावाने सरळ माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. त्याने माझ्या गाडीतून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टर्बोला जोडलेल्या पाइपचा पट्टा ढिला केला, पाइप बाजूला काढला आणि आत बघितलं. मीही त्याच्या खांद्यावरून बघितलं.

चाकाच्या पात्यांचे दात पडले होते. त्यांच्यात सरकीचा चुरा अडकला होता, आणि लांब ओढला गेलेला कापूस, लाल. कुंकवाचा लाल. वाकड्या पाइपच्या पोटात आईने नीट आत सारून ठेवलेलं बोंड गाडी नुसती सुरू असेपर्यंत तिथेच बसून राहिलं होतं. इंजिनाने पूर्ण जोराने हवा ओढली तेव्हा ते गेलं.

तो वळून आईकडे बघायला लागला. ती वीसेक पावलांवर होती, छत्री मिटून हातात धरलेली. मग त्याने तो कापूस चिमटीने ओढून काढला, मुठीत घेतला आणि मूठ खिशात घातली. आणि मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "हो. माझ्याच हातून राह्यलं असंल काही. त्या दिवशी पाहताना नट-बिट पडला असंल आत."

आईला ऐकू गेलं. ती आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "लहान्याच्या घासात माती कालवली तू?" ती म्हणाली. "बाबाच्या शेडपायी?" त्याने मान खाली घातली. पन्नाशीचा माणूस, हाताखाली इतकी माणसं असलेला, आईसमोर पोरासारखा उभा राहिला. मला खरं बोलायला तेवढाच वेळ होता. माझं तोंड उघडं होतं, मी त्यातून हवा आत घेत होतो, आणि मी बोललो नाही. बोललो असतो तर आईला कळलं असतं की तिच्या हातच्या घासाने माझी गाडी गेली. हे कारण चांगलं आहे, आणि मी ते पुष्कळ दिवस वापरलं. खरं कारण असं की त्याला मान खाली घातलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो आणि मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी माणसं एकमेकांना सोनं देत होती, आपट्याची पानं हातावर ठेवून पाया पडत होती. मी भावाच्या हातावर शेडची किल्ली ठेवली. पाया पडलो नाही. त्याने ती घेतली. नको म्हणाला असता तर मी त्याच्या अंगावर फेकली असती, हे त्याला माहीत होतं.

दिवाळीच्या आधी शेड रिकामं करायला मी एकटाच गेलो. लेथ हलवताना त्याच्याखाली ते पुडकं सापडलं. कागद उलगडला. आत पितळी तारेची एक गोल, फुगीर जाळी होती, कडेला पट्टी वळवून झाळलेली, आवळायला बारीक क्लिप लावलेली. विकतची नव्हती. झाळकाम ओबडधोबड होतं, ज्याने आयुष्यात असलं काम स्वतःच्या हाताने केलं नाही त्याचं. म्हणजे त्या रविवारी तो दोऱ्याने माप घेत होता. मी ती जाळी गाडीच्या तोंडावर ठेवून दाबली. ती बसली, घट्ट, कुठेही न खटकता, आणि तिच्या भोकांतून बोंड सोडाच, एक अक्षतासुद्धा आत गेली नसती. भावाचा मला आयुष्यभर राग आहे, पण त्या दुपारी जेवढा आला तेवढा कधीच आला नव्हता.

शेडमध्ये आता कापसाचे गठ्ठे आहेत. गाडी घरामागे ताडपत्रीखाली उभी आहे. गेल्या दसऱ्याला भावाने त्याची गाडी अंगणात धुऊन उभी केली आणि तबक आईसमोर धरलं. आई म्हणाली, "तुझ्या गाडीले मी नाई लावत कुंकू." आणि ती आत निघून गेली. तबकातलं बोंड तसंच ओलं, लाल. तो माझ्याकडे बघत होता. रागाने बघितलं असतं तर मी परतून काहीतरी बोललो असतो. तो नुसता बघत होता. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

म्हणून हे लिहून ठेवलं आहे. आईला आता बारीक अक्षर वाचता येत नाही, कोणीतरी वाचून दाखवावं लागतं. मी दाखवणार नाही, तेवढं धैर्य माझ्यात नाही. त्याला पाहिजे तर त्याने दाखवावं, एक प्रत मी त्याला बेल्लमपल्लीला पाठवतो आहे. पण तो वाचेल, घडी घालून त्या कापसासारखी खिशात टाकेल आणि आईला एक शब्द सांगणार नाही. मला ते पक्कं माहीत आहे, आणि त्याचाच मला राग आहे.